गार्मिन आर१० आणि वेजचं अंतर: कुठला आकडा घ्यायचा, कुठला सोडायचा

गोल्फचा लाँच मॉनिटर, म्हणजे बॉलचा वेग, कोन आणि अंतर दाखवणारं यंत्र, घरी आला की बहुतेक जण पहिल्यांदा ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारणारा क्लब, बाहेर काढतात. साहजिक आहे, मोठा आकडा बघायला कोणाला आवडत नाही! पण गार्मिनच्या अप्रोच आर१० या छोट्या रडारचे पैसे वसूल होतात ते ३० ते १०० यार्डांच्या पट्ट्यात, आणि तेही तो दाखवतो त्यातला कुठला आकडा घ्यायचा आणि कुठल्याकडे काणाडोळा करायचा हे नीट कळलं तरच.

वेज म्हणजे जवळच्या अंतरासाठीचा क्लब, त्याचा फेस (बॉलला लागणारी बाजू) जास्त तिरका असतो. वेजचं दुखणं दिशेचं क्वचितच असतं. साठ यार्डांवरून मारलेला बॉल बरोबर पिनच्या, म्हणजे झेंड्याच्या, रेषेत असतो, फक्त बारा यार्ड अलीकडे, वाळूच्या बंकरमध्ये. सात नंबरच्या आयर्नला (मधल्या अंतराच्या क्लबला) एकच स्विंग असतो, पूर्ण. वेजला अर्धा, पाऊण, त्याहून थोडा कमी असे कितीतरी, आणि त्या प्रत्येकाला किती यार्ड जातात हे फार थोड्यांना ठाऊक असतं. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, फलक असतात ५०, १००, १५० यार्डांना. मधला ६४ यार्डांचा शॉट खरंच ६४ गेला की ५७, हे मॅटवर उभं राहून डोळ्यांनी कळत नाही. ही उणीव आर१० भरून काढतो.

यंत्र २०२१ मध्ये आलं, तेव्हा अमेरिकेत किंमत ६०० डॉलर होती. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, तळहातात मावेल एवढं. बॅटरी १० तासांपर्यंत चालते आणि आयपीएक्स७ दर्जा असल्यामुळे पावसाच्या सरीची भीती नाही. डब्यात छोटा तिपाई स्टँड, फोन अडकवायची क्लिप आणि एक पाऊच येतं. चार्जिंगला मात्र मायक्रो यूएसबी, म्हणजे पिशवीत आणखी एक केबल. यंत्राला स्वतःचा स्क्रीन नाही, सगळं काही फोनवरच्या गार्मिन गोल्फ अॅपमध्ये दिसतं. ड्रायव्हिंग रेंजचा भाग फुकट आहे. घरात जाळीच्या नेटमध्ये मारून जगभरचे गोल्फ कोर्स अॅपवर खेळायचे असतील तर त्याची वर्गणी वेगळी, आणि वेजच्या सरावाला तिची गरज नाही.

आता मुख्य मुद्दा, अचूकता. कंपनीने दिलेल्या मर्यादा अशा आहेत: बॉलचा वेग १ मैल प्रति तास इकडेतिकडे, उड्डाणाचा कोन १ अंश, सुरुवातीची दिशा १ अंश, क्लबहेडचा वेग ३ मैल आणि कॅरी ५ यार्ड. कॅरी म्हणजे बॉल हवेतून जाऊन पहिल्यांदा जमिनीला टेकतो तिथपर्यंतचं अंतर. ड्रायव्हरच्या लेखी ५ यार्ड किरकोळ आहेत. ६० यार्डांच्या वेजला ५ यार्ड म्हणजे १५ फूट, ग्रीनवर (भोकाभोवतीच्या आखूड गवतावर) एका पटिंग फटक्यात काम होणं आणि दोन लागणं यातला फरक. मग हे यंत्र वेजला कुचकामी का नाही? त्यासाठी कॅरीच्या मागचं गणित बघावं लागतं.

आर१० बॉल जमिनीवर पडेपर्यंत त्याच्या मागे जात नाही. सुरुवातीच्या उड्डाणावरून वेग आणि कोन घेतो आणि कॅरी हिशेबाने काढतो. ६० यार्डांच्या शॉटला बॉलचा वेग साधारण ५५ ते ६० मैल असतो. एवढ्या संथ शॉटला अंतर ढोबळमानाने वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतं, म्हणजे १ मैलाची चूक ही सुमारे २ यार्डांची. कोन ३२ अंशांच्या आसपास असेल तर १ अंशाची चूक साधारण १ यार्डाची. दोन्ही चुका एकाच दिशेने झाल्या तरी ३ यार्ड. दहा बॉलांचा मधला आकडा घेतला की यातली इकडेतिकडे होणारी चूक आणखी आटते. आटत नाही ती यंत्र चुकीचं मांडल्यामुळे प्रत्येक शॉटला सारखीच येणारी चूक, आणि ती टाळणं आपल्याच हातात असतं.

म्हणून मांडणी नीट करावी. यंत्र बॉलच्या मागे ६ ते ८ फुटांवर, लक्ष्याच्या रेषेत. पावलं मोजू नका. एकदा टेपने मोजून ७ फुटांची दोरी कापून पाऊचमध्ये ठेवली की दर वेळी तेच अंतर मिळतं. स्टँड सपाट जागी हवा. आणि सगळ्यात दुर्लक्षित बाब उंचीची. रेंजवरची मॅट सिमेंटच्या ओट्यापासून दीड इंच वर असते आणि यंत्र ओट्यावर ठेवलेलं असतं. सात फुटांवरून बघितलं तर दीड इंच म्हणजे जवळपास १ अंश. कंपनीने सांगितलेल्या मर्यादेइतकी चूक आपणच हाताने घालून बसतो. यंत्राखाली मॅटच्या जाडीची लाकडी फळी ठेवावी, प्रश्न मिटतो. दिशेसाठी बॉलपासून लक्ष्याकडे एक अलाइनमेंट स्टिक (रेषा दाखवणारी काठी) टाकून तिच्या रेषेत यंत्र लावावं.

रडार हलणाऱ्या वस्तू टिपतं, त्यामुळे बंद जागेत सराव करताना छतावरचा पंखा बंद ठेवलेला बरा. गर्दीच्या रेंजवर शेजारच्या मॅटवरचा शॉट आपल्या यादीत घुसू शकतो. ६० यार्डांच्या रांगेत मधेच १३० दिसला तर तो खोडून टाका. घरी नेट लावणार असाल तर बॉल ते नेट किमान ८ फूट लागतात. मागचे सात-आठ धरले की पंधरा-सोळा फूट सलग लांबी हवी. गच्चीवर जमतं, फ्लॅटच्या हॉलमध्ये सहसा नाही. एक सोय चांगली आहे: यंत्र मागे असल्यामुळे डावखुरा आणि उजवा एकाच मॅटवर आळीपाळीने मारू शकतात. बॉलच्या बाजूला ठेवायच्या कॅमेऱ्याच्या यंत्रांना दर वेळी हलवावं लागतं.

आता कुठल्या वेजला, कुठल्या स्विंगला किती यार्ड याचा तक्ता. घड्याळाची पद्धत बहुतेक कोच शिकवतातच. समोरून बघणाऱ्याला उजव्या खेळाडूचा डावा हात घड्याळाचा काटा समजा आणि बॅकस्विंग, म्हणजे क्लब मागे नेणं, साडेसात, नऊ किंवा साडेदहाला थांबवा. साडेसातला हात मांडीच्या उंचीवर, नऊला हात जमिनीला समांतर, साडेदहाला मुठी खांद्याच्या वर. फॉलोथ्रू (फटक्यानंतरचा स्विंग) बॅकस्विंगइतका किंवा थोडा जास्त, आणि लय तिन्ही लांबींना तीच. एका वेजला पूर्ण स्विंग धरून चार अंतरं मिळतात. तीन वेज असतील तर बारा.

सात नंबरचं आयर्न १४० यार्ड मारणाऱ्या खेळाडूचा तक्ता साधारण असा दिसेल, नमुन्यादाखल (अंश म्हणजे वेजच्या फेसचा तिरपेपणा, आकडे यार्डांत):

५२ अंश: साडेसातला ४२, नऊला ६२, साडेदहाला ८०, पूर्ण ९५.
५६ अंश: ३५, ५३, ६८, ८०.
६० अंश: २८, ४४, ५६, ६६.

हे आकडे तुमचे नव्हेत, ते डोक्यात ठेवू नका. बघायचं ते एवढंच की काही अंतरं दोन वेजांनी मिळतात आणि काही जागा मोकळ्या राहतात. वरच्या तक्त्यात ७० ते ७८ ला काहीच नाही. ती फट क्लब एक इंच खाली धरून भरता येते. अंतर साधारण पाचेक यार्डांनी घटतं, पण तेही मोजूनच लिहावं.

मोजायची पद्धत: पहिल्या दिवशी एकच वेज घ्या, ५६ अंशांचा. नऊ वाजताचे दहा बॉल, मग साडेसातचे दहा, मग साडेदहाचे दहा. पूर्ण स्विंग शेवटी, कारण त्याने सुरुवात केली की शरीर तोच वेग धरून बसतं. अॅप क्लबनुसार सरासरी काढतं, अर्ध्या आणि पाऊण स्विंगचा फरक त्याला कळत नाही. सगळं अॅपच्या एकाच बैठकीत (सेशनमध्ये) मारलंत तर शेवटी ५६ अंशांचा एकच गोळाबेरीज आकडा हाती येईल, जो कशालाच उपयोगी नाही. प्रत्येक लांबीसाठी वेगळी बैठक सुरू करा आणि आकडे कागदावर उतरवा. सरासरी न घेता मधला आकडा घ्या: दहा कॅरी चढत्या क्रमाने लिहून पाचव्या-सहाव्याच्या मधला. एखादा बॉल फेसच्या खालच्या कडेला लागून ९० गेला तर सरासरी चार-पाच यार्डांनी फुगते, मधला आकडा जागचा हलत नाही.

आकडे वाचताना कॅरीच्या आधी दोन रकाने बघावेत, बॉलचा वेग आणि उड्डाणाचा कोन. अंतर का चुकलं हे कॅरी सांगत नाही, हे दोन सांगतात. कोन दहाही शॉटला ३१ ते ३३ आणि वेग मात्र ५२ ते ६१ असा भटकत असेल तर दोष स्विंगच्या लांबीत किंवा लयीत आहे. नेहमीचं कारण म्हणजे बॅकस्विंग गरजेपेक्षा लांब नेणं आणि मग घाबरून खाली येताना हात आवरणं. उलट वेग स्थिर आणि कोन २८ ते ३९ असा फिरत असेल तर लांबीला हात लावू नका. बॉल स्टान्समध्ये (पायांच्या ठेवणीत) कधी पुढे, कधी मागे राहतोय, किंवा मनगटं बॉलपाशी उलटी पडताहेत, किंवा बॉल फेसच्या वरच्या भागावर लागतोय. शेवटचं कारण तपासायला बॉलवर व्हाइटबोर्ड मार्करने ठळक ठिपका काढा आणि तो क्लबकडे करून ठेवा. फटक्यानंतर ठिपक्याची खूण फेसवर उमटते. ती खालच्या दोन-चार खाचांच्या आसपास हवी. वर सरकली की कोन चढतो, वेग पडतो आणि बॉल सुंदर उंच जाऊन आखूड पडतो. नऊच्या स्विंगला दहा बॉलांच्या वेगातला फरक ३ मैलांच्या आत आला तर अंतराचा फरक सहाएक यार्डांत बसतो. हौशी खेळाडूला हे उत्तम.

अॅपमध्ये बॅकस्विंग आणि डाउनस्विंगचा वेळही दिसतो. अर्ध्या स्विंगला तो दर वेळी टिपला जाईलच असं नाही. टिपला गेला तर तिन्ही लांबींचं गुणोत्तर सारखं राहतंय का, एवढंच बघावं.

स्मॅश फॅक्टर, म्हणजे बॉलचा वेग भागिले क्लबहेडचा वेग, वेजला सरळ लपवून टाका. क्लबहेडच्या वेगात ३ मैलांची सूट असताना आणि वेग पन्नासच्या घरात असताना ती सूट ६ टक्क्यांची होते. तिच्यावरून काढलेल्या भागाकारात अर्थ राहत नाही.

स्पिनचं तेच, थोडं जास्तच. पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांत पिचिंग वेजचा स्पिन (बॉलची फिरकी) मिनिटाला ९३०० फेऱ्यांच्या आसपास आणि उड्डाणाचा कोन २४ अंश अशी ट्रॅकमॅन या महागड्या व्यावसायिक रडारची प्रसिद्ध सरासरी आहे. ती डोक्यात ठेवून आर१०वर आपला आकडा बघितला की कधी छाती फुगते, कधी उगाच नैराश्य येतं. दोन्ही फुकट. इतक्या लहान, पाठमोऱ्या जाणाऱ्या बॉलची फिरकी एवढ्याशा रडारने दर वेळी पकडणं अवघड आहे. ती पकडली गेली नाही तर यंत्र अंदाज भरतं. बंद जागेत रडारला ओळखता यावी अशी खूण असलेले टायटलिस्टचे आरसीटी बॉल मिळतात. नेटमध्ये त्यांनी फरक पडतो. पण वेजच्या अंतरासाठी त्यांच्यावर खर्च करायची गरज नाही. ६० यार्डांवर कॅरी मुख्यतः वेग आणि कोन ठरवतात. स्पिनचा प्रश्न येतो तो बॉल टेकल्यानंतर, आणि टेकल्यानंतरचं यंत्राला दिसतच नाही. म्हणून एकूण अंतराचा रकानाही बंद. चेंबूरच्या गोल्फ कोर्सच्या ग्रीनवर मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये बॉल एकसारखा थांबेल असं कोणी मानत असेल तर त्याने एक पावसाळा खेळून बघावा.

आर१०ला न दिसणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली मॅट. क्लब बॉलच्या दोन इंच मागे टेकला तरी मॅटवरून घसरत बॉलपर्यंत पोचतो आणि आकडा बरा येतो. हाच फटका गवतावर दहा-पंधरा यार्ड आखूड पडतो. मॅटवर बनवलेला तक्ता कोर्सवर फसतो तो बहुतेक यामुळे. उपाय सोपा: बॉलच्या मागे चार बोटांवर घडी घातलेला नॅपकिन ठेवावा. क्लब नॅपकिनला लागला की तो शॉट बाद, आकडा कितीही छान असो. दुसरी गोष्ट रेंजचे बॉल. झिजलेल्या, कडक रेंज बॉलचा वेग आणि कोन यंत्र इमानदारीने मोजतं, पण तो बॉल तुमच्या खेळाच्या बॉलसारखा निघत नाही. सहसा फेसवरून जास्त उंच सुटतो आणि कमी फिरतो. लय आणि लांबी बसवायला रेंज बॉल चालतील, तक्त्यात उतरवायचे आकडे खेळाच्या बॉलनेच घ्यावेत.

आणि ते आकडे एकदा जमिनीवर ताडून बघावेत. अंतर मोजायच्या लेझरने बरोबर ५० यार्डांवर एक टॉवेल पसरा, कोणालातरी सुरक्षित अंतरावर बाजूला उभं करा आणि बॉल कुठे टेकला ते सांगायला लावा. वारा नसलेली सकाळची वेळ निवडा, कारण यंत्राच्या हिशेबात वारा धरलेला नसतो. दहा बॉल पुरतात. यंत्र ५० म्हणतंय आणि बॉल सातत्याने ४७ वर पडतोय असं दिसलं तर ते ३ यार्ड तक्त्यातून वजा करा. असा ठरावीक फरक निघणं हे यंत्र बिघडल्याचं लक्षण नाही. फरक दर शॉटला वेगळा निघाला तर मात्र मांडणी पुन्हा तपासा. लेझर आणि अॅप दोन्हीत यार्ड निवडलेत ना, हेही बघा. एकात मीटर राहिले तर ५० चे जवळपास ५५ यार्ड होतात आणि माणूस आठवडाभर स्विंग दुरुस्त करत बसतो.

पुणे-नाशिक साडेपाचशे-सहाशे मीटर उंचीवर आहेत, मुंबई समुद्रसपाटीला. ड्रायव्हरला हा फरक जाणवतो. ८० यार्डांच्या वेजला तो एक-दोन यार्डांपलीकडे जात नाही, त्यासाठी वेगळा तक्ता नको. पावसाळ्यातल्या ओल्या रफची, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवताची, गोष्ट निराळी. गवत आणि पाणी फेस आणि बॉलच्या मध्ये येतं, बॉल उंच सुटतो आणि स्पिन गळतो. तेव्हा तक्ता फेअरवेपुरताच (मधल्या कापलेल्या गवतापुरताच) मानावा. उन्हाळ्यात मे महिन्यात फोनच आधी दगा देतो. भर उन्हात क्लिपला लावलेला फोन तापून बंद पडतो आणि त्याच्याबरोबर बैठकही. फोन बॅगच्या सावलीत ठेवावा.

तक्ता झाल्यावर रांगेने दहा-दहा बॉल मारणं थांबवा. कागदावर उलटसुलट अंतरं लिहा: ३७, ६४, ४८, ७१, ५५, ४२, ७८, ६०, ३३, ६९. प्रत्येकाला एकच बॉल, प्रत्येक वेळी क्लब आणि लांबी नव्याने निवडून. ३ यार्डांच्या आत कॅरी आला तर २ गुण, ६ च्या आत १, नाहीतर शून्य. २० पैकी १० आले की कोर्सवर फरक दिसू लागतो. हा सराव रेंजवरच्या नुसत्या फलकांकडे बघून करताच येत नाही, आणि आर१०चा खरा उपयोग इथे आहे.

३० यार्डांच्या आतल्या चिप आणि पिचला (ग्रीनजवळच्या आखूड फटक्यांना) आर१०चा नाद सोडा. संथ, आखूड शॉट कधी टिपला जातो, कधी नाही, आणि टिपला गेला तरी आकड्यावर भिस्त ठेवू नये. तिथे ग्रीनशेजारी तीन टॉवेल आणि स्वतःचे डोळे जास्त कामाचे.

याच गटातलं रॅप्सोडोचं एमएलएम२प्रो कॅमेरा आणि रडार दोन्ही वापरतं. खूण असलेला बॉल वापरला तर त्याचा स्पिन जास्त भरवशाचा, पण सगळ्या सोयींसाठी वर्गणी भरावी लागते. व्हॉइस कॅडीच्या एससी४ला स्वतःचा स्क्रीन आहे आणि तो अंतर बोलून दाखवतो. फोनची कटकट नको असलेल्यांनी तो जरूर बघावा. फक्त वेजच्या तक्त्यासाठी घ्यायचा असेल आणि बजेट बेताचं असेल तर आर१० पुरेसा आहे. ज्याला स्पिनच बघायचा आहे त्याने या किमतीत कुठलंच रडार न घेता अधूनमधून ट्रॅकमॅन असलेल्या अकादमीत तासभर जावं. परदेशातून मागवणार असाल तर सीमाशुल्क धरून किंमत काढा आणि वॉरंटी भारतात चालते का हे आधी विचारून घ्या. वापरलेला घेत असाल तर विकणाऱ्यासमोरच फोनला जोडून वेजचे दहा बॉल मारा. दहापैकी दोन-तीन टिपलेच गेले नाहीत आणि मांडणी ठीक असेल, तर तो सौदा सोडून द्या.